चिंचिला घरी आणण्याआधी

मुलांच्या मोबाइलवर हल्ली एक प्राणी वारंवार दिसतो. ससा म्हणावा तर शेपटी झुपकेदार, उंदीर म्हणावा तर अंग गुबगुबीत, खार म्हणावी तर कान मोठे आणि गोल. राखाडी रंगाचा हा गोळा धुळीत लोळतो, पुढच्या दोन पायांत काडी धरून कुरतडतो, आणि बघणारे मूल लगेच म्हणते, "अम्मी, आपण हा आणूया ना!" या प्राण्याचे नाव चिंचिला.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, बरीच वर्षे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला राहतो. २०१९ च्या हिवाळ्यापासून आमच्या घरी दोन चिंचिला आहेत, सुरमा आणि बादल. त्यांचे फोटो नातेवाइकांत फिरतात आणि मग चिपळूणहून, मुंबईहून, कुवेतहून विचारणा होते, "आम्हीपण पाळू का?" प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळे सविस्तर लिहावे असे ठरवले. आमचे उत्तर सगळ्यांना सारखे नाही. थंड देशात राहणाऱ्यांना आम्ही म्हणतो, नीट विचार करून घ्या. कोकणात, मुंबईत किंवा आखातात राहणाऱ्यांना म्हणतो, नका आणू. त्याची कारणे पुढे येतीलच.

हा प्राणी आला कुठून?

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा रहिवासी. तिथे उंचावर हवा कोरडी असते, दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. खडकांच्या कपारीत हे प्राणी कळपाने राहतात, संध्याकाळी बाहेर पडतात आणि सुके गवत, झुडपे, साली यांवर गुजराण करतात. अशा थंडीत जगण्यासाठी अल्लाहने त्यांना जी लोकर दिली आहे तिला तोड नाही. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून साधारण एक ते तीन केस येतात, चिंचिलाच्या कातडीत एकेका छिद्रातून पन्नासहून जास्त केस निघतात.

हीच लोकर त्यांच्या जिवावर उठली. एका लांब कोटासाठी शंभराहून जास्त कातडी लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या कोटांसाठी लाखो चिंचिला मारले गेले. १९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना या देशांनी शिकारीवर बंदी घालण्याचा करार केला, पण तोवर डोंगर ओस पडले होते. जंगली चिंचिलाच्या दोन जाती आहेत आणि दोन्ही आज संकटग्रस्त मानल्या जातात. चिलीमध्ये इयापेल शहराजवळ १९८३ पासून त्यांच्यासाठी खास राखीव क्षेत्र आहे.

पाळीव चिंचिला मात्र जंगलातून पकडलेले नसतात. मॅथियास चॅपमन नावाचा अमेरिकी खाण-अभियंता चिलीमध्ये काम करत होता. त्याने १९२३ मध्ये अकरा चिंचिला जहाजाने कॅलिफोर्नियाला नेले. आज घराघरांत असलेले बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज. चॅपमनने त्यांची पैदास लोकरीसाठी केली, पाळीव प्राणी म्हणून ते बऱ्याच नंतर घरांत आले. म्हणजे कुत्रा-मांजर हजारो वर्षे माणसासोबत आहेत, तर चिंचिलाची आणि आपली ओळख जेमतेम शंभर वर्षांची. हे लक्षात ठेवले की त्यांच्या बऱ्याच सवयी आपोआप समजतात. ते भित्रे आहेत, त्यांना उचललेले फारसे आवडत नाही आणि त्यांचे शरीर अजून त्या थंड डोंगरासाठीच बनलेले आहे.

हो म्हणण्याआधी

आम्ही चिंचिला विकत घेतले नाहीत, प्राण्यांच्या निवारा केंद्रातून दत्तक घेतले. ब्रिटनमध्ये आरएसपीसीएसारख्या संस्थांकडे आणि लहान लहान केंद्रांकडे कुत्र्या-मांजरांसारखेच चिंचिलाही येतात. कुणी घर बदलते, कुणाच्या मुलाला कंटाळा येतो, कुणी एक नर आणि एक मादी चुकून एकत्र ठेवते आणि पिल्लांची संख्या आवाक्याबाहेर जाते. लहानपणी नर-मादी ओळखणे अवघड असते. मादी १११ दिवसांच्या सुमारास पिल्ले देते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

केंद्रातल्या बाईंनी आम्हाला प्राणी दाखवण्याआधी प्रश्न विचारले. पिंजरा कोणत्या खोलीत ठेवणार? जुलैत त्या खोलीचे तापमान किती असते? सुट्टीत तुम्ही भारतात गेलात तर मागे कोण बघणार? चिंचिलाचा अनुभव असलेला पशुवैद्य जवळपास आहे का? आणि शेवटचा प्रश्न, तुमची मुलगी आज अकरा वर्षांची आहे, ती शिकायला बाहेर गेली की यांचे कोण करणार?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही नवरा-बायको दोन आठवडे बोलत होतो. चिंचिला दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो, चांगली निगा असेल तर वीसपर्यंतही जातो. मुलीच्या हट्टासाठी आणलेला प्राणी तिच्या लग्नानंतरही आमच्या घरात असू शकतो. म्हणून आम्ही ठरवले की जबाबदारी आमची, मुलीचा फक्त हातभार. मूल सांभाळेल या भरवशावर प्राणी आणायचा असेल तर न आणलेला बरा. ब्रिटनच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यातही सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही आणि मुलाच्या प्राण्याची जबाबदारी कायद्याने पालकांवरच येते.

आपल्या दीनमध्येही हीच गोष्ट अधिक कडक शब्दांत आली आहे. मांजरीला बांधून ठेवून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण सगळे मुलांना सांगतो. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि मोकळे सोडून स्वतःचे पोट भरू दिले नाही. पिंजऱ्यातला प्राणी नेमका त्याच स्थितीत असतो. तो स्वतःचे दाणा-पाणी शोधू शकत नाही, ऊन लागले तर सावलीत जाऊ शकत नाही. ते सगळे त्याच्या वतीने आपल्याला करावे लागते.

जोडी, पिंजरा आणि खोली

चिंचिला कळपातला प्राणी आहे. एकटा ठेवला तर झुरतो, स्वतःचीच लोकर कुरतडतो. आमचे दोघे सख्खे भाऊ, एकत्र वाढलेले. अनोळखी दोघांना एकदम एका पिंजऱ्यात टाकू नये, ते जीवघेणे भांडू शकतात. आधीपासून जमलेली जोडी घेणे नवख्याला सर्वांत सोपे, आणि केंद्रात अशा जोड्या मिळतात.

पिंजरा लांबीपेक्षा उंचीला जास्त हवा, कारण त्यांना उड्या मारायला लागतात. आमचा जवळजवळ पाच फूट उंच आहे. आत लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या लावल्या आहेत, पण एका फळीवरून थेट तळाला पडतील एवढे अंतर ठेवलेले नाही. जाळीचा तळ पायांना जखमा करतो, म्हणून खाली सपाट लाकूड हवे. प्लॅस्टिकचे काहीही ते कुरतडून गिळतात आणि आतडे तुंबते. पाइनचे प्रक्रिया केलेले, रंग-वार्निश नसलेले लाकूड चालते, देवदारासारखे उग्र वासाचे चालत नाही. विजेच्या वायरी पिंजऱ्यापासून दूर असाव्यात. रोज संध्याकाळी आम्ही त्यांना खोलीत मोकळे सोडतो आणि तेवढा वेळ कुणीतरी तिथे बसून असतो.

रात्री ते जागतात. उड्या, कुरतडणे, कधी धोक्याचा इशारा म्हणून कुत्र्याच्या पिल्लासारखे भुंकणे, हे सगळे दिवे मालवल्यावर चालते. झोपण्याच्या खोलीत पिंजरा ठेवू नका. रमजानमध्ये मात्र याची गंमत वाटते. सहेरीला आम्ही डोळे चोळत उठतो तेव्हा घरात हे दोघेच ताजेतवाने असतात.

खाणे: जवळजवळ फक्त गवत

चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवायला दिवसरात्र चघळायला हवे आणि त्यासाठी वाळलेल्या गवतासारखे दुसरे काही नाही. टिमोथी जातीचे वाळके गवत पिंजऱ्यात कायम भरलेले असावे. त्यासोबत रोज एखादा-दोन चमचे चिंचिलासाठी बनवलेल्या साध्या गोळ्या आणि ताजे पाणी, एवढेच. लसूणघास मोठ्या चिंचिलाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असतात.

अडचण येते ती आपल्या पाहुणचाराची. घरी आलेला प्रत्येक जण प्रेमाने काहीतरी द्यायला जातो. मनुका, बदाम, सूर्यफुलाचे बी, सफरचंदाची फोड, खजूर. चिंचिला हे सगळे अगदी आवडीने खातो आणि तेच त्याला बाधते. त्याचे पोट सुक्या, चोथ्याच्या चाऱ्यासाठी बनलेले आहे. गोड आणि तेलकट पदार्थांनी पोट फुगते आणि त्याला उलटीही करता येत नाही. आमच्या पिंजऱ्यावर मराठी, उर्दू आणि इंग्रजीत चिठ्ठी लावलेली आहे, "कृपया काही खायला देऊ नका." दादी आली तेव्हा ती चिठ्ठी वाचून हसली, पण नंतर तिनेच ईदच्या पाहुण्यांवर पहारा ठेवला. लाड करायचे असतील तर सफरचंदाच्या झाडाची वाळलेली काडी द्यावी, तीसुद्धा औषध न फवारलेल्या झाडाची.

पाण्याने नाही, धुळीने अंघोळ

चिंचिलाला पाण्याने धुवायचे नाही. लोकर इतकी दाट की आतपर्यंत लवकर सुकत नाही. मग अंग गार पडते आणि कातडीला बुरशी धरते. डोंगरात ते ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक धुळीत लोळतात. तशी धूळ दुकानात मिळते. साधी वाळू चालत नाही, ती खरखरीत असते. खोलगट भांड्यात दोन बोटे धूळ घालून आठवड्यातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे आत ठेवायची आणि मग काढून घ्यायची. सतत ठेवली तर कातडी कोरडी पडते आणि डोळे चुरचुरतात. ही धूळ घरभर उडते, त्यामुळे घरात कुणाला दमा असेल तर आधी त्याचा विचार करावा.

उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली. घाबरलेल्या चिंचिलाला लोकरीने पकडले तर तो लोकरीचा पुंजका तुमच्या हातात सोडून निसटतो. जंगलात शिकारी पक्ष्यापासून वाचण्याची ही त्याची युक्ती आहे. लोकर पुन्हा यायला काही महिने लागतात आणि विश्वास बसायलाही तेवढेच. आम्ही पहिले दोन महिने त्यांना उचललेच नाही. पिंजऱ्याशेजारी बसून हळू आवाजात बोलायचे, तळहात पसरून ठेवायचा. एके दिवशी बादल आपणहून हातावर चढला. सुरम्याला आणखी पाच महिने लागले.

उष्मा, सर्वांत मोठा शत्रू

आता मुख्य मुद्दा. चिंचिलाला साधारण दहा ते वीस अंश सेल्सिअस तापमान मानवते. पंचविशीच्या वर गेले की त्रास सुरू होतो, आणि हवेत दमटपणा असेल तर आणखी लवकर. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो, म्हणून कान लालबुंद दिसू लागले की तो धोक्याचा पहिला इशारा. मग तो आडवा पसरतो, भरभर श्वास घेतो, तोंडातून लाळ गळते. तेव्हा वेळ दवडली तर काही तासांत जीव जातो.

१९ जुलै २०२२ ला ब्रिटनमध्ये इतिहासात पहिल्यांदाच पारा चाळीस अंशांच्या वर गेला. कॉनिंग्सबी या गावी ४०.३ अंशांची नोंद झाली. इथली घरे थंडीसाठी बांधलेली, उष्णता आत धरून ठेवणारी. अंदाज आठवडाभर आधीच आला होता, त्यामुळे आम्ही एक फिरता एसी भाड्याने आणून ठेवला होता. दोघांना तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या लहान खोलीत हलवले, खिडक्या बंद करून जाड पडदे लावले. संगमरवराच्या लाद्या फ्रिजमध्ये गार करून आलटून पालटून पिंजऱ्यात ठेवल्या. बर्फाच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवल्या. नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो गरम हवाच फिरवतो.

दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही पाळ्या लावून त्या खोलीत बसलो. थर्मामीटरचा आकडा दर तासाला वहीत लिहायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला एसी पूर्ण जोरात असूनही खोलीत २६ अंश झाले आणि सुरम्याचे कान लाल झाले. मुलीने त्याला उचलून गार लादीवर बसवले आणि त्याच्या कानांना थंड ओला कपडा हलकेच लावत राहिली. अर्ध्या तासाने तो उठून गवत खाऊ लागला तेव्हा आमच्या तोंडून एकदमच "अल्हम्दुलिल्लाह" निघाले.

आता विचार करा. आमच्याकडे जे दोन दिवस झाले, ते रत्नागिरीत आणि मुंबईत वर्षातले बहुतेक महिने असते. उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर, पावसाळ्यात दमटपणा इतका की कपडे सुकत नाहीत. तिथे चिंचिला ठेवायचा म्हणजे एसी चोवीस तास, बाराही महिने चालू हवा. वीज गेली की त्याचा जीव टांगणीला. शिवाय वैद्य कुठे शोधणार आणि त्याच्या जातीचे गवत कुठून आणणार? परवडते म्हणून एखाद्याने हे सगळे केले, तरी एका खोलीतल्या मशीनवर अवलंबून असलेले आयुष्य आपण त्या जिवाला का द्यावे, हा प्रश्न उरतोच.

आजारपण ओळखावे कसे?

चिंचिला आजार लपवतो. डोंगरात अशक्त दिसणारा आधी मारला जातो. म्हणून दर शुक्रवारी आम्ही दोघांचे वजन करून लिहून ठेवतो. सुरमा ५८० ग्रॅमच्या आसपास असतो, बादल थोडा जास्त. वजन घटू लागले, हनुवटी ओली दिसली, डोळ्यांतून पाणी आले किंवा तोंडातला घास गळू लागला, तर दातांचे दुखणे समजावे. लेंड्या कमी झाल्या, लहान झाल्या किंवा अर्ध्या दिवसात काही खाल्ले नाही तर उद्याची वाट न बघता वैद्याकडे न्यावे. आतड्यांची हालचाल थांबली की हा प्राणी फार लवकर खचतो.

घरातले औषध कधीही देऊ नका. पेनिसिलिनच्या गटातली अमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिली तर त्याच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावतो. म्हणूनच कुत्र्या-मांजरांचा नेहमीचा डॉक्टर पुरेसा नाही, अशा लहान प्राण्यांची माहिती असलेला लागतो. ती फी जास्त असते. दत्तक घेताना केंद्राला दिलेली रक्कम किरकोळ, पिंजरा मध्यम खर्चाचा, पण दातांचे एक ऑपरेशन त्या दोन्हींपेक्षा महाग पडू शकते. महिन्याला थोडी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवावी.

नमाज आणि स्वच्छता

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. चिंचिलाला वास जवळजवळ नसतो. लेंड्या कोरड्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पण दिवसाला शेकडो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आपल्या मसलकमध्ये जनावरांची विष्ठा आणि लघवी नापाक धरली जाते. म्हणून पिंजरा नमाजच्या खोलीत नाही. त्या खोलीसाठी कपड्यांचा वेगळा जोड खुंटीला आहे. मोकळे सोडण्याची वेळ आम्ही इशाच्या नमाजनंतरची ठेवली आहे. पिंजऱ्याच्या तळाचे कापड एक दिवसाआड धुतले जाते आणि प्राण्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. त्यांच्या कातडीची बुरशी माणसालाही लागू शकते. एवढे सांभाळले तर अडचण येत नाही.

आपल्याकडच्या मुलांना काय सांगावे?

भारतातल्या भाच्या-पुतण्यांना आम्ही नुसते "नको" सांगून थांबत नाही. प्राण्यांवर माया करणे ही चांगलीच गोष्ट आहे. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या लहान मुलाची आपुलकीने चौकशी केली होती. मुलाची माया आणि मुलाचे दुःख दोन्ही त्यांनी किरकोळ मानले नाहीत.

पण माया कोणावर करायची ते हवामान आणि कायदा बघून ठरवावे. आपल्याकडे घरोघरी पिंजऱ्यात पोपट असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी पोपट पाळणे गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याऐवजी गल्लीतली, पावसात भिजून जिन्याखाली बसलेली मांजर आहे. तिला आपली हवा मानवते, तिचा डॉक्टर तालुक्याच्या गावी मिळतो, आणि ती घरात वावरली तरी आपल्या दीनमध्ये तिचे उष्टे पाणी नापाक मानलेले नाही. आमची चिपळूणची भाची वर्षभर चिंचिलाचा हट्ट धरून होती. आता तिच्याकडे एक लंगडी पांढरी मांजर आहे आणि ती दर आठवड्याला तिचे फोटो पाठवते.

जे इंग्लंड, कॅनडा किंवा तशाच थंड मुलखात राहतात आणि ज्यांना चिंचिला हवाच आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी जवळच्या निवारा केंद्रात फोन करावा. आधी वैद्य शोधावा, मग खोली ठरवावी, एक उन्हाळा त्या खोलीचे तापमान मोजावे, आणि त्यानंतर प्राणी घ्यावा. भारतात लग्नाला चार आठवडे जायचे असेल तर तिकीट काढण्याआधी मागे कोण राहणार ते ठरवावे. आमच्या बाबतीत शेजारचे एक निवृत्त गृहस्थ हे काम करतात आणि दरवर्षी त्यांच्यासाठी आम्ही गावाहून काजू आणतो. पिंजऱ्यावरची चिठ्ठी तेही पाळतात, काजू ते एकटेच खातात.